पित्तनळीतला लिम्फोमा: अडलेली कावीळ ओळखण्यापासून आत घातलेली नळी निघेपर्यंत

पित्ताची नळी अडून कावीळ झाली, तर बहुतेक वेळा कारण खडा असतो, नाहीतर पित्तनळीचा, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर. फार क्वचित तिथे लिम्फोमा निघतो. लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा, रक्ताच्या जातकुळीतला कॅन्सर. तो एरवी मानेत, काखेत, जांघेत गाठी करून येतो. पित्तनळीच्या भिंतीतच सुरू झालेल्या अशा लिम्फोमाचा पहिला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली नोंदला गेला. तेव्हापासून जगभरातून अशा नोंदी सुट्यासुट्याच येतात. त्याहून जास्त वेळा लिम्फोमा यकृताच्या दाराशी असलेल्या गाठींत वाढतो आणि नळीला बाहेरून दाबतो. कावीळ दोन्हींत सारखीच दिसते.

इतक्या दुर्मीळ आजाराबद्दल सविस्तर लिहायचे कारण म्हणजे उपचार. पित्तनळीच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये बरे होण्याची वाट मोठ्या ऑपरेशनमधून जाते: यकृताचा भाग, नाहीतर स्वादुपिंडाचे डोके आणि आतडे काढावे लागते. लिम्फोमात मुख्य उपचार सलाईनमधून जाणारी औषधे आहेत आणि गाठ अनेकदा त्यांनीच विरघळते. स्कॅनवर मात्र दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक कळतो तो फक्त तिथला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. म्हणून पुढची सगळी माहिती एका प्रश्नाभोवती आहे: तुकडा कधी घ्यायचा, कसा, आणि तो वाया जाणार नाही यासाठी घरच्यांनी काय सांभाळायचे.

घरी काय दिसते

आपल्याकडे खानदेशात कोणी म्हणाले, ‘डोया पिवया दिखतस’ (डोळे पिवळे दिसतात), की घर थेट काविळीच्या औषधाकडे वळते. त्याआधी दोन गोष्टी बघा. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद आहे का? आणि शौच पांढरट, शाडूच्या मातीसारखे आहे का? शौचाला पिवळा-तपकिरी रंग पित्तामुळे येतो. ते आतड्यात पोचलेच नाही, तर रंग जातो. त्यात अंगभर खाज असेल, विशेषतः रात्री तळहात-तळपायाला, तर नळी अडल्याचा संशय पक्का धरा. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाणे येते आणि बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत उतार पडू लागतो. अडलेली कावीळ दिवसेंदिवस चढत जाते.

लिम्फोमाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत, पण त्या दरवेळी असतातच असे नाही. रात्री अंगरखा पिळून काढावा इतका घाम, कारण न सापडणारा ताप, सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा कमी होणे, मानेत किंवा काखेत न दुखणारी रबरासारखी गाठ. आंघोळीच्या वेळी गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. मानेतल्या गाठीचा तुकडा घेणे पित्तनळीतून तुकडा घेण्यापेक्षा कितीतरी सोपे असते आणि सगळा गुंता तिथेच सुटू शकतो.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे हे तिन्ही एकत्र आले, तर साचलेल्या पित्तात जंतू वाढलेत असे समजा. तेव्हा सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. यात काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

काविळीचे गावठी औषध: इथे वेळ कसा जातो

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्यात काविळीचे औषध देणारे सापडतात. कोणी गळ्यात माळ घालते, कोणी नाकात देवडांगरीचा रस सोडते, कोणी मनगटावर डाग देते, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून ‘पिवळे उतरले’ म्हणून दाखवते. पाण्यातून झालेली कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून या उपायांवर लोकांचा विश्वास बसतो. माळ लांबते, कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात आणि दोऱ्याचे फास सैल पडतात. हातावर आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुना लागला की तोच पिवळा होतो. शरीरातले पित्त त्या पाण्यात उतरत नाही.

अडलेल्या काविळीत यातला एकही उपाय नळी उघडू शकत नाही. डागाची जखम चिघळते आणि नाकातल्या रसाने आतली त्वचा भाजून रक्त येते. अडलेल्या काविळीत रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे ते थांबवणे अवघड जाते. लिम्फोमाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. नाव नसलेल्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड पोटात गेले की लिम्फोमाच्या पेशी भराभर मरतात, गाठ काही दिवस आक्रसते, भूक लागते, कावीळही उतरते, आणि घरी सगळे म्हणतात ‘गुण आला’. मग त्या दिवसांत घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. रोग पुढे परततो आणि निदानाची संधी हुकलेली असते. पुडी दिली गेलीच असेल, तर लाज न बाळगता ती रिकामी पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा. हे लपवल्याने रुग्णाचेच नुकसान होते.

खाण्याच्या पथ्याचेही असेच. हळद बंद केल्याने कावीळ कमी होत नाही. नुसता उसाचा रस आणि मुळ्यावर ठेवलेला माणूस दोन आठवड्यांत हाडे मोजावीत असा होतो, आणि रस्त्यावरच्या रसातल्या बर्फातून वेगळाच आजार येतो. पित्त आतड्यात येत नसल्याने तेलकट पचत नाही, एवढे मात्र खरे. म्हणून शेवभाजी, तर्री, तळण थांबवा. पण भाकरी, मुगाचे घट्ट वरण, घरचे दही, उकडलेले अंडे, केळी चालू ठेवा. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. तीन वेळच्या जेवणात हे बसत नाही, दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यावे लागते.

तपासण्यांचा क्रम

पहिल्या दिवशी रक्त आणि सोनोग्राफी. रक्तात एकूण बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) बघताना त्यातले ‘डायरेक्ट’ किती हे बघा. ते निम्म्याहून जास्त असेल आणि सोबत अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडले की रक्तात वाढणारे एन्झाइम) बरेच वाढलेले असेल, तर अडथळ्याची शक्यता मोठी. सोनोग्राफी सहा तास उपाशीपोटी करा. पित्तनळीची रुंदी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. अडथळ्याच्या वर ती फुगते. आधी पित्ताशय काढलेले असेल तर नळी थोडी रुंद असणे साहजिक आहे, हे सोनोग्राफी करणाऱ्याला आधीच सांगा.

पीटी-आयएनआर ही रक्त किती वेळात गोठते ते सांगणारी तपासणी याच दिवशी मागा. पित्ताशिवाय ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त पातळ पडते. कोणतीही सुई किंवा दुर्बीण घालण्याआधी आयएनआर साधारण १.५ च्या खाली आणतात. त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्वाचे १० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. ही तपासणी राहून गेल्याने ऐन प्रोसिजरच्या सकाळी तारीख पुढे ढकलली जाते आणि लांबून आलेल्या कुटुंबाचा खर्च व दोन दिवस फुकट जातात.

त्यानंतर एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) आणि काँट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी). एमआरसीपीत पित्तच उजळ दिसते, त्यामुळे त्याला सहसा इंजेक्शन लागत नाही. चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. पेसमेकर, हाडातली पट्टी किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण असेल, तर आधीच सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी हे विसरू नये. सीटीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) लागते. नळीत स्टेंट (पित्त वाहावे म्हणून अडथळ्यातून बसवायची बारीक नळी) टाकण्यापूर्वीच हे स्कॅन करून घ्या. स्टेंट बसला की आजूबाजूला सूज येते, धातू चमकतो आणि मूळ गाठ कुठवर आहे ते नीट दिसत नाही. ताप व थंडी असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवा. तेव्हा पित्ताला वाट करून देणे आधी, चित्र नंतर.

सीए १९-९ या कॅन्सरच्या संशयात करायच्या रक्ततपासणीचा आकडा बघून घाबरू नका. ३७ पर्यंत सामान्य धरतात, पण नळी नुसती अडली तरी तो शेकड्यांत जातो, खड्यानेसुद्धा. पित्त मोकळे झाल्यावर पुन्हा तपासला तर त्याला काही अर्थ राहतो. एलडीएच ही रक्ततपासणी मात्र विचारून करून घ्या. गाठ लहान आणि एलडीएच बराच वर असेल, तर लिम्फोमाचा विचार करायला ते एक कारण आहे. स्कॅनच्या अहवालात ‘भिंत लांबवर गुळगुळीत जाड झालेली’, ‘आजूबाजूला मोठ्या गाठी, पण रक्तवाहिनी तुंबलेली नाही’, ‘भिंत इतकी जाड असून वरची नळी फारशी फुगलेली नाही’ असे काही आले, तरीही तोच विचार.

लिम्फोमासारखेच दिसणारे दोन आजार आपल्याकडे लक्षात ठेवलेच पाहिजेत. एक टीबी: यकृताच्या दाराशी टीबीच्या गाठी होऊन त्या नळीला दाबतात. दुसरा आयजीजी-४ चा आजार, ज्यात नळीची भिंत सुजते आणि स्टेरॉइडने ओसरते. या दोन्हींत ‘आधी औषध देऊन बघू’ असा मोह होतो. तुकड्याशिवाय स्टेरॉइड चालू केले आणि तो मुळात लिम्फोमा असेल, तर वर पुडीबद्दल सांगितले तेच घडते: सुरुवातीला सुधारणा, मग फसगत. टीबीची औषधे तर कावीळ असलेल्या यकृतावर आणखी भार टाकतात. डॉक्टरांनी असे काही सुचवले, तर एक साधा प्रश्न विचारा: ‘औषध सुरू करण्याआधी तुकडा घेता येईल का?’

तुकडा: सगळ्यात महत्त्वाची पायरी

तुकडा घेण्याच्या वाटा तीन-चार आहेत. ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीच्या तोंडातून ब्रश फिरवून पेशी खरवडतात किंवा चिमट्याने कण घेतात. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत जठर किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई थेट गाठीत घालतात. कोलॅन्जिओस्कोपीत अगदी बारीक दुर्बीण नळीच्या आत नेऊन डोळ्यासमोर तुकडा काढतात.

लिम्फोमासाठी नुसता ब्रश अपुरा पडतो. नळीचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, म्हणून ब्रशला लागतो. लिम्फोमा अस्तराच्या खाली, भिंतीत पसरतो. वरचे अस्तर धडधाकट असते. ब्रश त्यावरून फिरतो आणि रिपोर्ट येतो ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’. हा रिपोर्ट म्हणजे सुटका नव्हे. खोलवरचा तुकडा, शक्यतो सुईने काढलेला अखंड धागा, मागितला पाहिजे. चिमट्याचे कण बारीक असतात. लसिका पेशी नाजूक असल्याने त्या कणांत चेंगरतात आणि पॅथॉलॉजिस्टला नुसती निळी शाई सांडल्यासारखी रेघ दिसते. चार-सहा तुकडे घेतले तर एखादा तरी वाचण्याजोगा निघतो.

पोटावरून सुई घालून तुकडा घ्यायची घाई मात्र करू नका. तो लिम्फोमा नसून नळीचाच कॅन्सर निघाला, तर सुईच्या वाटेत पेशी सांडू शकतात आणि पुढचे ऑपरेशन किंवा प्रत्यारोपण हातचे जाते. वाट कोणती, हे सर्जन, एंडोस्कोपी करणारे आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचे असते. कधी कधी दोन-तीनदा प्रयत्न करूनही तुकड्यात काही येत नाही, आणि गाठ काढता येण्याजोगी असते. तेव्हा सर्जन तुकड्याच्या पुराव्याशिवाय ऑपरेशन सुचवतात आणि ते रास्त असते, कारण थांबण्यात नेहमीच्या कॅन्सरची वेळ निघून जाते. त्या वेळी विचारायचे ते इतकेच: ‘लिम्फोमा, टीबी आणि आयजीजी-४ यांचा विचार करून झाला आहे का? ऑपरेशनच्या टेबलावर आधी तुकडा तपासता येईल का?’

आता ती बाटली. अनेक ठिकाणी तुकड्याची बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि ‘समोरच्या लॅबला द्या’ म्हणतात. बाटलीत १० टक्के फॉर्मॅलिन हवे, तुकड्याच्या दहापट तरी. तुकडा पूर्ण बुडालेला हवा, झाकणाला चिकटलेला नको. चिठ्ठी झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर हवी, कारण लॅबमध्ये झाकणे उघडून बाजूला ठेवतात. नाव, वय, कुठला तुकडा, तारीख आणि वेळ वाचून घ्या. उन्हाळ्यात ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बर्फातही ठेवू नका. लिम्फोमाचा संशय आधीच असेल, तर फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) वेगळा तुकडा साध्या सलाईनमध्ये, फॉर्मॅलिनशिवाय द्यावा लागतो आणि तो त्याच दिवशी लॅबमध्ये पोचला पाहिजे. ‘सगळे एकाच बाटलीत टाका’ असे कोणी म्हणाले, तर एकदा डॉक्टरांना विचारा. फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा फ्लोसाठी परत वापरता येत नाही.

पहिला रिपोर्ट अनेकदा ‘गोल पेशींचा घातक ट्यूमर’ किंवा ‘कमी विकसित कॅन्सर’ (म्हणजे पेशींचा मूळ प्रकार ओळखू न येणारा) एवढाच येतो. हे अंतिम निदान नव्हे. त्यावर आयएचसी नावाची रंग-तपासणी करायची असते. केराटिनचा रंग चढला तर नेहमीचा कॅन्सर. सीडी ४५ चा चढला तर लसिका पेशींचा. मग सीडी २० आणि सीडी ३ वरून बी की टी पेशी, सीडी १०, बीसीएल ६ आणि मम १ वरून पोटप्रकार, आणि केआय-६७ वरून पेशी किती वेगाने वाढत आहेत ते कळते. पित्तनळीत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल. त्याखेरीज सावकाश वाढणारे फॉलिक्युलर आणि माल्ट, आणि अतिवेगाने वाढणारा बर्किट. औषधे प्रत्येकाची वेगळी. म्हणून ‘लिम्फोमा आहे’ एवढ्यावर उपचार सुरू होऊ शकत नाहीत. आजाराचे आडनावासकट पूर्ण नाव लागते. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडून मागून घ्या. मोठ्या केंद्रात दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच लागतात. रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही.

पित्ताला वाट: स्टेंट आणि पीटीबीडी

तुकड्याची वाट बघताना कावीळ वाढू देता येत नाही. ईआरसीपीतून प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, टाकतात. तो साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजतो आणि बदलावा लागतो. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. निदान पक्के नसताना वर आवरण नसलेला, धातूच्या जाळीचा स्टेंट टाकायचा असेल, तर दोनदा विचारा. तो भिंतीत रुतून बसतो, काढता येत नाही. लिम्फोमा औषधाने विरघळून गेल्यावर ती जाळी आयुष्यभराची अडचण होऊन राहते. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून वेदनाशामक गोळी ठेवतात. प्रोसिजरनंतर पोटात पाठीपर्यंत कळ गेली, तर लगेच कळवा.

तोंडातून जमले नाही, तर उजव्या बरगडीतून यकृतात नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात. तीच पीटीबीडी. ही घरी सांभाळावी लागते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नळी धुताना असे करा. साबणाने हात धुवा, स्वच्छ कापड पसरा. १० मि.ली.ची नवी सिरिंज आणि सलाईनची लहान कुपी घ्या. पिशवीच्या वर तीन तोंडांची तोटी असते. बहुतेक तोट्यांत दांडा ज्या बाजूला वळवाल ती बाजू बंद होते. दांडा पिशवीकडे वळवा. मोकळे तोंड स्पिरिटच्या कापसाने १५ सेकंद चोळून वाळू द्या. सिरिंजमधली हवा वर करून काढून टाका. मग सलाईन, डॉक्टरांनी सांगितले असेल तितके, सहसा ५ ते १० मि.ली., अगदी सावकाश आत सोडा. अंगठ्याला अडकल्यासारखे वाटले किंवा रुग्णाला कळ आली, तर तिथेच थांबा. जोर लावू नका. आणि सिरिंज कधीही मागे ओढू नका. ओढल्याने आतड्यातला गाळ आणि जंतू नळीत येतात. त्यातून थंडी-ताप सुरू होतो आणि नळी बुजते. झाल्यावर दांडा पुन्हा बाजूच्या तोंडाकडे वळवून पिशवीची वाट उघडा. ही एक पायरी विसरली, तर रात्रभर पित्त कोंडते.

पिशवी कायम कमरेखाली ठेवा. चालताना ती कमरपट्ट्याला पिनेने अडकवा आणि नळीला थोडी ढील द्या. नळीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी असली म्हणजे झटका बसला तरी टाक्यावर ताण येत नाही. रोज एकाच वेळी पिशवी मापात रिकामी करा आणि वहीत लिहा: मि.ली., रंग, ताप. सोनेरी, तपकिरी, हिरवट हे सगळे रंग चालतात. गढूळ झाले तर जंतुसंसर्ग, लाल आले तर रक्त. एकदम कमी झाले आणि कावीळ वाढली, तर नळी सरकली किंवा बुजली. नळी बाहेर आलीच, तर ती परत आत ढकलू नका. छिद्रावर निर्जंतुक गॉज दाबून धरा आणि लगेच निघा. वाट काही तासांतच मिटू लागते.

सगळे पित्त बाहेर पडत असेल, तर त्यासोबत पाणी आणि मीठ जाते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांजवळ गेला, की घामाची भर पडते आणि दोन दिवसांत सोडियम घसरून माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो. दिवसाला ८०० मि.ली.च्या वर पित्त गेले, तर ओआरएस किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर स्वतःच्या मनाने देऊ नका. एक लिटरच्या वर गेल्यास सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासा. नळी असेपर्यंत केळीचा घड, कापसाचे गाठोडे, पाण्याची हंडी उचलणे बंद.

नळी बसवली तरी डोळे पिवळेच आहेत म्हणून घरचे घाबरतात. बिलिरुबिनचा एक भाग रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि ते प्रथिन जुने होऊन जाईपर्यंत, दोन-तीन आठवडे, तो जात नाही. लघवी आधी स्वच्छ होते, खाज कमी होते, डोळे सगळ्यात शेवटी.

औषधे सुरू होण्याआधी

डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारात सहसा आर-चॉप देतात: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टिन आणि पाच दिवस प्रेडनिसोलोन. दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा. यातली डॉक्सोरुबिसिन आणि विनक्रिस्टिन यकृतातून पित्तामार्गे बाहेर पडतात. कावीळ असताना पूर्ण डोस दिला, तर औषध अंगात साचते आणि तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी तळाला जातात. म्हणून बिलिरुबिन १.२ ते ३ असेल तर डॉक्सोरुबिसिन निम्मे, ३ ते ५ असेल तर चौथा हिस्सा, ५ च्या वर सहसा देत नाहीत. दीड चौरस मीटर अंगक्षेत्र असलेल्या माणसाचा पूर्ण डोस ७५ मिलिग्रॅम, तो मग ३७.५ वर येतो. पित्त आधी मोकळे करायचे ते म्हणूनच.

सुरुवातीआधी पेट-सीटी (रोग अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन), एको (हृदयाची सोनोग्राफी), एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि हिपॅटायटिस बी च्या दोन्ही तपासण्या, म्हणजे एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, झालेल्या आहेत का बघा. दुसरी अनेकदा राहून जाते. जुना, झोपलेला बी विषाणू रिटुक्सिमॅबने जागा होतो आणि पुन्हा कावीळ येते. ती लिम्फोमाचीच समजली जाते आणि माणूस यकृत निकामी होऊन दगावू शकतो. तपासणी सकारात्मक आली, तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविर सुरू करतात आणि शेवटच्या डोसनंतर किमान १२ महिने चालू ठेवतात. उपचार संपले म्हणून ही गोळी बंद करू नका. पेट-सीटीला सहा तास उपाशी, साखर २०० च्या आत.

डॉक्सोरुबिसिननंतर लघवी एक-दोन दिवस लाल होते. ते रक्त नव्हे. प्रेडनिसोलोन सकाळी जेवून घ्यावे. मधुमेह असेल तर त्या पाच दिवसांत साखर रोज बघा. ७ ते १४ व्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडी. पॅरासिटामॉल देऊन ‘बघू उतरतो का’ करू नका. शहादा, अक्कलकुवा, चोपडा, रावेर या बाजूला राहत असाल, तर पहिल्या डोसआधीच ठरवा की मध्यरात्री शिरेतून अँटिबायोटिक देणारे आणि रक्त तपासणारे सगळ्यात जवळचे रुग्णालय कोणते. तिथल्या डॉक्टरांच्या नावे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांकडून एक पानाची चिठ्ठी घेऊन ठेवा. फिलग्रॅस्टिमचे (पांढऱ्या पेशी वाढवणारे) इंजेक्शन घरी आणायचे असेल, तर २ ते ८ अंशांत आणा: थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, मध्ये कापडाचा थर, मग इंजेक्शन. बर्फाला थेट टेकून गोठले, तर ते निरुपयोगी होते.

कागद आणि प्रवास

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सुरुवात तिथून करता येते. पुढच्या रुग्णालयात जाण्याआधी फोनवर एकच विचारा: ईआरसीपी आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी दोन्ही एकाच छताखाली होतात का? नसेल तर रुग्णाला दोनदा भूल आणि दोनदा उपास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. योजना कॅशलेस आहे, खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर दुरुस्ती आजच सुरू करा. मंजुरी अडते ती बहुधा इथेच.

मुंबईला जायचे झाल्यास रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत भाड्याची पूर्ण सूट आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून घ्यावा लागतो. खालचा बर्थ मागा. पीटीबीडीची पिशवी वरच्या बर्थवर कमरेखाली राहत नाही. सोबत फाइल, स्कॅनची सीडी, ब्लॉक, स्लाइड, एक जादा पिशवी, गॉज, चिकटपट्टी आणि मापाचा पेला.

सहा डोस झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पेट-सीटी करतात. त्याआधी केले, तर औषधाने आलेली सूजच चमकते. स्टेंट असेल तर नळीभोवती थोडी चमक राहतेच. ती लगेच रोग समजून पुढची औषधे सुरू करायची नसतात, तिथला तुकडा घेऊन खात्री करायची. स्टेंट काढताना आधी रंगद्रव्य सोडून नळी मोकळी आहे का बघतात. गाठ गेली तरी भिंतीत व्रण राहून नळी अरुंद राहू शकते. तसे असल्यास फुग्याने रुंद करून आणखी काही महिने प्लास्टिकचा स्टेंट ठेवतात. पीटीबीडी काढण्याआधी ती काही दिवस तोंड बंद करून ठेवतात. त्या दिवसांत ताप आला, लघवी पुन्हा गडद झाली किंवा छिद्राशेजारून पित्त झिरपले, तर झाकण काढून पिशवी लावा आणि डॉक्टरांना फोन करा.